उतावळ्या स्वभावाच्या तरुणांना मल्टिटास्किंग अधिक चांगले जमते का?

तुमचे वय 21 आहे, स्वभाव उतावळा आहे, अभ्यास, चॅट आणि व्हिडिओ एकत्र चालतात, आणि म्हणून आपण मल्टिटास्किंगमध्ये तरबेज आहोत असे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे. मलाही त्या वयात अगदी असेच वाटत असे, आणि ते चूक होते.

2014 मध्ये मी पुण्यात एका सीएंकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करत होते. 30 एप्रिल हा मार्चचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, सरकारकडे भरण्याचा शेवटचा दिवस. एका क्लायंटचे चलन, म्हणजे कर जमा करण्याचा फॉर्म, भरत असताना दुसऱ्याचा फोन आला आणि मी तो लगेच घेतला. ते आपला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळणारा ओळख क्रमांक, सांगत होते, मोबाइलवर मैत्रिणींचे संदेश येत होते, आणि कानावर पडलेला तोच टॅन मी समोरच्या चलनात टाकला. पुण्याचे टॅन पीएनई या अक्षरांनीच सुरू होत असल्याने नजरेला काही खटकले नाही. पुढच्या पानावर टॅनधारकाचे नाव येते, पण ते वाचण्याइतका दम मला नव्हता. पैसे एकाचे गेले आणि जमा दुसऱ्याच्या नावावर झाले. ज्यांनी भरले त्यांना कर थकल्याची नोटीस आली, आणि दुरुस्तीच्या अर्जासोबत दुसऱ्या क्लायंटचे ना-हरकत पत्र लागत असल्यामुळे ते मागायला मलाच त्यांच्या दारात उभे राहावे लागले.

आमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्यात एकाग्रता नाही, हे क्षेत्र तुझे नव्हे." फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचललाच पाहिजे आणि हातातले कामही थांबता कामा नये, असा नियमही त्यांचाच होता. एकाग्रता नसण्याचा आरोप मला आजही मान्य नाही. माझ्यात थांबण्याची सवय नव्हती, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

युटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये 310 विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास मी पुढे वाचला, तेव्हा हा फरक मला नीट मांडता आला. गणिते सोडवता सोडवता अक्षरे लक्षात ठेवण्याच्या चाचणीत, रोजच्या जीवनात सर्वाधिक मल्टिटास्किंग करणारेच सहसा मागे पडले. हीच मुले अधिक उतावळी आणि नव्या उत्तेजनाच्या शोधात असणारी आढळली. तरीही सुमारे 70 टक्के विद्यार्थी स्वतःला या बाबतीत सरासरीपेक्षा सरस समजत होते. तेव्हा चार कामे एकत्र हाती घेणे ही क्षमतेची खूण नव्हे. बहुतेक वेळा दुसऱ्या कामाची ओढ आवरत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही, आणि एका विद्यापीठातील मुलांवरून सगळ्या तरुणांविषयी निकाल देऊ नये, हेही सांगायला हवे. निर्णयाला क्षणभरच वेळ असतो तिथे चटकन कृती करणारा स्वभाव उपयोगी पडतो, असे मानणारे संशोधकही आहेत. उतावळेपणामुळे अभ्यास, पैसा किंवा नाती वारंवार बिघडत असतील, तर मात्र माझे उत्तर पुरेसे समजू नका, तज्ज्ञांना भेटा.

पुढे मी चलन भरताना झालेल्या व्यत्ययांची आठवडाभर नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक व्यत्यय मी स्वतः ओढवून घेतलेले निघाले, कोणीही बोलावलेले नसताना हात मोबाइलकडे गेलेला असे. तुम्हीही आधी अशी नोंद करून पाहा. उरलेले व्यत्यय मात्र ऑफिसच्या फोनचे होते, आणि सरांनी त्यांचा विचार कधीच केला नाही. आज माझ्या ऑफिसात आम्ही चौघेच आहोत, तरी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चलन भरणाऱ्याच्या टेबलावर फोन नसतो आणि भरलेल्या चलनावरचे नाव दुसरी व्यक्ती मोठ्याने वाचते. सरांकडे तेव्हा अकरा माणसे होती.