काकींना विचारा: फ्रेंच लोक आंघोळ करतात का?

प्रश्न: काकी, गोव्यात मांद्रेत आमचं चार खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. आजवर रशियन झाले, इस्रायली झाले, पुणेकर पण झाले, पण फ्रेंच पहिल्यांदाच, डिसेंबरात एक जोडपं तीन आठवड्यांसाठी येतंय. माझा भाचा म्हणतो हे लोक महाउद्धट, इंग्रजी येत असून बोलत नाहीत, आंघोळ करत नाहीत आणि बेडूक खातात. बेडकाचं ऐकल्यापासून सासूबाईंनी किचन वापरायला द्यायचं नाही म्हणून बजावलंय. यात खरं किती? – एक मालकीण, मांद्रे

उत्तर: अगो, सासूबाईंपासूनच सुरू करू, कारण घर त्यांचं.

बेडूक खातात हे खरं. पण म्हणून रोज संध्याकाळी बेडकाची आमटी नसते, ती हॉटेलात कधीमधी खायची गोष्ट, आणि कित्येक फ्रेंच माणसांनी ती वर्षानुवर्षं चाखलेली नसते. शेजारच्या इंग्रजांनी मात्र त्यांचं नावच फ्रॉग पाडून टाकलं ते पाडलंच. गंमत अशी की फ्रान्समध्ये त्यांच्याच तळ्यातले बेडूक धंद्यासाठी पकडणं 1980 पासून जवळजवळ बंद आहे, माल बाहेरून येतो, बराचसा इंडोनेशियातून. आणि आधी कुठून जायचा माहितीय? आपल्या भारतातून! फ्रोझन तंगड्यांची खोकीच्या खोकी जायची, शेवटी 1987 साली सरकारने निर्यात बंद केली कारण बेडूक संपले की शेतातली कीड खाणार कोण. आता सासूबाईंना हळूच विचार, पहिला पाऊस पडला की रात्री टॉर्च आणि गोणी घेऊन शेतात कोण उतरायचं आणि बेडकाच्या मटणाला 'जंपिंग चिकन' हे नाव कोणी काढलं, फ्रेंचांनी का? वन्यजीव कायद्याने आपल्याकडे बेडूक मारला तर तुरुंग आहे, तेव्हा पाहुण्यांनी मागितलं तर चक्क नाही म्हण. पण ते मागणार नाहीत. मागेल तो तुझाच कोणीतरी चुलतदीर.

आंघोळीचं. हे वाचून मला हसू आलं, कारण हा प्रश्न माझ्या आधी अमेरिकन लष्कराला विचारून झालाय. 1945 साली, युद्ध नुकतंच संपलेलं, अमेरिकन शिपाई फ्रान्समध्ये बसून कंटाळलेले आणि सारखे कुरकुरायचे, म्हणून लष्कराने पॅरिसमध्ये चक्क एक प्रश्नोत्तरांची पुस्तिका छापली, फ्रेंचांबद्दलच्या 112 तक्रारी आणि त्यांची उत्तरं (मी इथे महिन्याला तीन पत्रांत दमते). त्यात न धुण्याची तक्रार होतीच आणि उत्तर अगदी साधं, की बाबांनो, लढाईत वर्षानुवर्षं यांना धड साबण मिळालेला नाही. साबण आला, शिपाई घरी गेले, पण जाताना गोष्ट बरोबर घेऊन गेले आणि ती फिरत फिरत तुझ्या भाच्याच्या मोबाईलवर पोचली. तू फक्त गिझर चालू ठेव.

आता उद्धटपणा. इथे भाचा अर्धा बरोबर आहे, पण उलट्या बाजूने. फ्रान्समध्ये दुकानात शिरल्यावर आधी 'बाँजूर' म्हणायचं असतं, मग काय हवं ते. ते न म्हणता थेट 'कॉफी कितीला' विचारलं की त्यांच्या लेखी तूच उद्धट, आणि मग ते तुला तसंच वागवतात. ट्युरिस्ट घरी येऊन सांगतो फ्रेंच लोक खडूस. बरं आपल्याकडे वेगळं काय आहे सांग मला? एसी गाडी दारात उभी करून काच अर्धी खाली करत 'ए भैया, बीच किधर है' विचारणाऱ्याला आपण कुठल्या दिशेला पाठवतो ते मी इथे लिहीत नाही.

माझ्या बहिणीकडे हरमलला एक फ्रेंच बाई राहायच्या, साठीच्या. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आमच्या आधी त्या गेटवर. नमस्ते म्हणायच्या, त्याने नमस्ते म्हणेपर्यंत थांबायच्या, मग एक उंडो पाव उचलून कानाशी नेऊन दाबायच्या. कानाशी! कड कुरकुरली तर घ्यायच्या, नाही तर मान हलवून परत टोपलीत. पहिले दोन दिवस पोदेर वैतागला, तिसऱ्या दिवसापासून तो स्वतःच त्यांच्यासाठी कडक भाजलेले चार बाजूला काढून आणायला लागला. पावाच्या बाबतीत ही माणसं चेष्टा खपवून घेत नाहीत, तिथे 1993 पासून सरकारी हुकूमच आहे की पारंपरिक फ्रेंच पाव म्हणून विकायचा तर त्यात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर, बाकी भेसळीचं नाव नको. तेव्हा पोदेराला आत्ताच सांगून ठेव. इंग्रजी ते बोलतात गो, पण चुकायला लाजतात, तुझ्या-माझ्यासारखंच. तूच आधी मोडकंतोडकं बोल, मग बघ.

प्रश्न: शाळेच्या स्नेहसंमेलनात मी फ्रेंच माणूस झालोय. सर म्हणाले बेरे टोपी, पट्ट्यांचा शर्ट, सायकल आणि गळ्यात कांद्यांची माळ घाल. कांदे का? – नववीतला एक, साखळी

उत्तर: अरे कांदे खरे आहेत! फ्रान्सच्या ब्रिटनी भागात रॉस्कॉफ नावाचं बंदर आहे, तिथले शेतकरी 1828 च्या सुमारास गुलाबी कांदे घेऊन समुद्र ओलांडून इंग्लंडला विकायला जायला लागले, पुढे सायकलच्या हँडलला माळा लटकवून दारोदार. इंग्रज त्यांना जॉनी म्हणायचे. आता बघ, ज्या इंग्रज बाईने जन्मात फ्रान्स बघितलं नाही तिने फ्रेंच माणूस एकच बघितला, दारात आलेला हा कांदेवाला, मग तिच्या डोक्यात सगळा देश तसाच. गंमत म्हणजे यातले कितीतरी जॉनी घरी फ्रेंच बोलायचेच नाहीत, त्यांची भाषा ब्रेटन, वेगळीच. शर्टही तिकडचा, 1858 मध्ये नौदलाच्या शिपायांना ठरवून दिलेला, 21 पांढरे पट्टे, मोजून काढ. बेरे मात्र दक्षिणेतल्या डोंगरातल्या मेंढपाळांची. म्हणजे तुझा फ्रेंच माणूस हा डोक्यावर मेंढपाळ, अंगात खलाशी आणि गळ्यात कांदेवाला आहे, आपल्याकडे कुणबी साडीवर बुलेट घेऊन फिरल्यासारखं. कांदे स्टेजवर जपून, सध्याच्या भावात आई माळ मोजून परत घेईल.

प्रश्न: आजोबा पोर्तुगीजांना फिरंगी म्हणायचे. मित्र म्हणतो मूळ शब्द फ्रेंचांचा. कसं शक्य आहे? – एक वाचक, फोंडा

उत्तर: मित्र जवळपास बरोबर. ज्या फ्रँक लोकांवरून फ्रान्स नाव पडलं त्यांच्यावरून अरबांनी सरसकट युरोपातल्या सगळ्यांनाच तसलं नाव दिलं, ते फारसीतून फिरत आपल्याकडे आलं तोवर दारात पोर्तुगीज उभे होते, त्यांना चिकटलं. खरे फ्रेंच नंतर दिसले तेव्हा नाव आधीच वाटलेलं, म्हणून मग ते फरासीस. त्यातही एक वाईट भाग आहे. गरमी (सिफिलिस) नावाचा रोग परदेशी माणसांबरोबर आला म्हणून आपल्या वैद्यांनी 16 व्या शतकात ग्रंथात त्याला नाव दिलं फिरंग रोग. इंग्रज त्याच रोगाला फ्रेंच रोग म्हणायचे, आणि फ्रेंच म्हणायचे छे, हा तर इटलीतल्या नेपल्सचा.