कॅलिफोर्नियात मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट व्हायला नुसती मास्टर्स पुरते का?

नाही पुरत. ६० सेमिस्टर युनिट्सची मास्टर्स लागतेच, प्रॅक्टिकम म्हणजे प्रत्यक्ष क्लायंटसोबतचा सराव त्यातच येतो, पण खरा वेळ खातात ते ३,००० सुपरवाइज्ड तास, म्हणजे देखरेखीखाली केलेलं काम, आणि ते पण कमीत कमी १०४ आठवड्यांत पसरलेले हवेत, त्यातले ५०० तरी जोडपी, कुटुंबं किंवा मुलांसोबतचे पाहिजेत. थोडे तास शिकतानाच मोजले जातात, तेवढीच सुटका. डिग्रीनंतर असोसिएट, म्हणजे लायसन्स मिळण्याआधीचा थेरपिस्ट, म्हणून रजिस्टर व्हायचं, लॉ अँड एथिक्सची परीक्षा द्यायची, तास भरले की क्लिनिकलची. असोसिएटचा पगार बेताचाच असतो बरं का, लोन काढून येणार असाल तर हिशोब आधी करा. आणि पुढे दुसऱ्या स्टेटमध्ये राहायचं असेल तर तिथले नियम बघूनच कॉलेज निवडा, सगळीकडे सारखे नाहीत.