बाजूची चाकं काढली की मुलगी सायकलवर बसतच नाही, काय करावं?

तुमची मुलगी सहा वर्षांची आहे. बाजूच्या छोट्या चाकांवर ती वर्षभर मजेत सायकल फिरवते, पण ती चाकं काढली की रडत घरात जाते, आणि कॉलनीतली तिच्याच वयाची मुलं समोरून सुसाट जातात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच मुलांना मी सायकल शिकवली आहे, माझी दोन्ही मुलं त्यातलीच. माझं सरळ मत आहे की चाकं काढाच, पण त्यांच्यासोबत दोन्ही पॅडलही काढा. आणि सीट इतकं खाली घ्या की बसल्याबसल्या तिचे दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील.

तिची भीती खरी आहे, तिला हट्टी समजू नका. दोन चाकांची सायकल डावीकडे कलली की हँडलही जरासं डावीकडे वळवावं लागतं, मग चाकं अंगाच्या खाली येतात आणि तोल सावरतो. सायकल येणारा माणूस हे आपोआप करतो, त्याला ते जाणवतही नाही. छोटी चाकं लावलेली सायकल मात्र कलतच नाही, त्यामुळे हे सावरणं शिकायची वेळच येत नाही. वळणावर तर ती बाहेरच्या बाजूला झुकू पाहते, दोन चाकांची आतल्या बाजूला झुकते. म्हणजे तुमच्या मुलीच्या अंगात वर्षभर जी सवय मुरली आहे, ती नेमकी विरुद्ध आहे. चाकं काढली की तिच्या हातात वेगळीच गाडी येते, मग ती घाबरणारच.

1817 मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी जी दोन चाकांची गाडी बनवली तिलाही पॅडल नव्हतं. माणूस तिच्यावर बसून पायांनी जमीन ढकलत जायचा. पॅडलवाल्या दुचाकी पसरल्या त्या 1860 च्या दशकात. मुलांनीही याच क्रमाने शिकावं असं मला मनापासून वाटतं.

पॅडल काढताना एक लक्षात ठेवा. उजवं नेहमीसारखंच, घड्याळाच्या उलट दिशेने पाना फिरवला की निघतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सैल होतं. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून ते आणखीच आवळतो.

आता तिला फक्त चालू द्या. शेजारचा एक अबोल मुलगा असाच शिकला. आधी तो सायकल दोन पायांत धरून नुसता चालायचा, सीटला टेकायचाही नाही. मग टेकायला लागला. पावलं लांब होत गेली, बुटांची खरखर विरळ झाली, आणि एकदा जरासा उतार लागल्यावर त्याने दोन्ही पाय उचलले. हँडल त्याच्या हातात बारीक बारीक हलत होतं, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तोल सांभाळणं म्हणतात ते हेच, आणि त्याला ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

उतार अगदी सौम्य हवा, आणि खाली पुरेशी सपाट जागा. गवत मऊ असलं तरी त्यावर सायकल जड जाते, वेग मिळत नाही, आणि वेग नसला की सायकल जास्त डुगडुगते. म्हणून मोकळी, गुळगुळीत फरसबंदी बरी. किती दिवस लागतील हे विचारू नका. कुणी एका संध्याकाळी शिकतं, कुणाला आठवडे लागतात. तिला अजून खेळायचं असतानाच त्या दिवशीचं थांबवा.

पाय उचलून घसरत जाणं जमलं की ब्रेक. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण ब्रेकवर भरवसा बसला की भीती निम्मी होते. खडूने आडवी रेघ मारा आणि पुढचं चाक रेघेवर थांबवायला सांगा. लहान मुलांची बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत नीट पोचत नाहीत. बऱ्याच दांड्यांना मुठीजवळ बारीक स्क्रू असतो, तो पिळून दांडी मुठीकडे आणता येते.

मग पॅडल परत लावा, नीट घट्ट करून. निघताना एक पॅडल पुढे आणि थोडं वर असू द्या, म्हणजे पहिल्याच दाबाला वेग मिळतो. आधार द्यायचाच तर तिच्या काखेखाली किंवा पाठीला हात ठेवा. हँडल किंवा सीट धरलंत तर तोल तुम्हीच सांभाळता, तिला तो कळत नाही. नजर चाकावर नको, पुढे लांब.

हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर बसायला हवं, मागे सरकलेलं काही कामाचं नाही. बुटांच्या नाड्या आत खोचा, चेनमध्ये अडकतात.

बाकीच्या मुलांशी तुलना तेवढी थांबवा. त्यांच्यातल्याच एखाद्या मोठ्या, शांत मुलीला हिच्यासोबत राहायला सांगा, मुलं एकमेकांचं बघून पटकन धीट होतात. मात्र गल्लीत ती एकटी फिरायला लागेल तेव्हा येणाऱ्या गाडीचा वेग तिला मोठ्यांसारखा जोखता येणार नाही. ताशी 30 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात 8 मीटरहून जास्त पुढे सरकते. आणि रिव्हर्स घेणाऱ्या गाडीच्या चालकाला मागचं एवढंसं मूल दिसतच नाही. उभ्या गाडीचं इंजिन चालू असेल किंवा मागचे दिवे लागले असतील तर लांबच थांबायचं, हे पॅडल लावायच्या आधीच तिच्याकडून घोटून घ्या.