कारखान्यानेच पैसे देऊन नेमलेला ऑडिटर प्रदूषण कमी दाखवतो, याला ठोस पुरावा आहे का?

हो, आहे, आणि तो गुजरातमधलाच आहे. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळासोबत अहमदाबाद-सुरत भागात दोन वर्षं प्रयोग केला. निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीत ऑडिटरांच्या अहवालांनुसार धुराड्यातल्या धूलिकणांची मर्यादा फक्त 7 टक्के कारखाने ओलांडत होते. फेरतपासणीत हा आकडा 59 टक्के निघाला. गंमत म्हणजे खोटी रीडिंग मर्यादेच्या अगदी खाली येऊन दाटलेली होती! मग काही कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमले, फी कारखान्याऐवजी सामायिक निधीतून ठरावीक दिली, अचानक फेरतपासणी ठेवली आणि दुसऱ्या वर्षी अचूकतेवर जादा पैसे दिले. अहवाल बरेच खरे येऊ लागले, आणि कारखान्यांनी प्रदूषणही घटवलं. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एक मात्र लक्षात घ्या: हे सगळे बदल एकत्रच केले होते. त्यामुळे नुसती फी देणारा बदलला की काम होईल, असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही.