काही असेल तर बघा

चाळिशीतले पुरुष माझ्याकडे सल्ल्याला आले की हल्ली फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात: "नोकरी गेली ताई, आता या वयात कोण घेणार?" अशाच एकाची हकिगत त्याच्या परवानगीनं लिहितेय. त्याला सुहास म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सुहास ४१ वर्षांचा, राहायला इंदूरला, रामबागेच्या बाजूला. पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नऊ वर्षं क्वालिटीत होता. रोज पहाटे महू नाक्यावरून कंपनीची बस. ऑर्डरी आटल्या, दोन लाइनी बंद पडल्या आणि एका शुक्रवारी एचआरनं आठ जणांना एकेक करून आत बोलावून राजीनामे लिहून घेतले. त्यात हा एक.

माझ्याकडे त्याला बायकोनं पाठवलं. रात्रभर जागा असायचा, आणि सानंदच्या, म्हणजे इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या, नाटकांना जाणं बंद केलं होतं. मध्यंतरात कुणीतरी विचारणारच ना, "काय मग, कसं चाललंय?"

पहिल्या दोन बैठकी मी वाया घालवल्या. झोप, आत्मविश्वास, मनातली भीती, असलं सगळं बोलत बसलो. तिसऱ्यांदा तो घराच्या हप्त्याचा मेसेज मोबाइलवर उघडूनच आला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. आधी पैशाचा कागद काढायला हवा होता. काढला. हप्ता साडेचौदा हजार, मुलीची फी, आईची औषधं. हातातल्या पैशात चार महिने निघत होते. चार महिने निघतात हे समजल्यावर माणूस जरा सैल होऊन बसतो, हे मी तिथं पाहिलं.

त्याच कागदावर एक गोष्ट अचानक सापडली. ग्रॅच्युइटीचं त्यानं विचारलंच नव्हतं. "राजीनामा मी दिलाय ना, मग कशी मिळेल?" हा गैरसमज फार जणांचा असतो. सलग पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. हिशोब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी. त्याचे हे २४ हजार होते, म्हणजे नऊ वर्षांचे सव्वा लाखाच्या आसपास. लेखी अर्ज दिला, पैसे आले.

दुसरं पीएफचं. आधीच्या नोकरीतली सहा वर्षं जुन्याच खात्यात पडून होती. दोन्हीकडचं सगळं काढून टाकायचं त्याच्या मनात होतं. पण पीएफसोबतच्या पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. सहा वेगळी आणि नऊ वेगळी ठेवली तर कशाचीच दहा होत नाहीत, जोडली तर पंधरा. जुनं खातं नव्यात वर्ग करून घ्यायला सांगितलं.

आता नोकरीचं. सुहासनं साठेक जणांना व्हॉट्सअ‍ॅप केला होता: "जॉब शोधतोय, काही असेल तर बघा." साठातल्या पन्नासांनी नमस्काराचे हात पाठवले. लोक वाईट नसतात हो. पण "काही" म्हणजे काय शोधायचं त्यांनी? बायोडाटाही तसाच, चार पानं नुसती पदं आणि जबाबदाऱ्या.

बोलता बोलता मी पाणी दिलेला स्टीलचा पेला त्यानं हातात फिरवला आणि काठावरून अंगठ्याचं नख नेलं. "ताई, याला बर राहिलीये इथं. ओठाला लागेल." बर म्हणजे धातू कापल्यावर काठाला राहणारी बारीक टोकदार कड. मी तो पेला दोन वर्षं वापरतेय. मला कधी लागली नव्हती. मी म्हटलं, हे कुठं लिहिलंय तुमच्या बायोडाटात?

मग नवा मेसेज बसून लिहिला. मशीनिंग केलेल्या पार्टची तपासणी, ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचं कारण शोधणं, हे नऊ वर्षं केलंय. पीथमपूर, देवास किंवा सांवेर रोडला कुणाच्या ओळखीत वर्कशॉपचा मालक किंवा क्वालिटीचा माणूस असेल तर नंबर द्याल का, दहा मिनिटं बोलायचंय. नोकरी मागितलीच नाही, नंबर मागितला.

यादी करताना एका नावावर तो अडला. सांवेर रोडचा एक सप्लायर. "त्याचे लॉटच्या लॉट परत पाठवलेत मी. त्याला कोणत्या तोंडानं फोन करू?" मी म्हटलं, त्यालाच आधी करा. आठवडा टाळाटाळ करून शेवटी केला. तिकडून उत्तर आलं, "भिया, माल वापस भेजते थे, पर वजह लिख के भेजते थे. आ जाओ."

पगार ४६ चा ३४ झाला. घ्यावा की थांबावं? मी सहसा कुणाला सांगत नाही, पण इथं म्हटलं, घ्या. चार महिन्यांतले अडीच संपले होते.

तीन आठवड्यांनी महाशय धुमसत हजर. "तिथं काही सिस्टिमच नाही ताई. आमच्याकडे असं नव्हतं." मी विचारलं, हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणता? मोजून आले दुसऱ्या दिवशी: जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारदा. लागलेली नोकरी जाते ती अशानं, असं माझं मत आहे. जुन्या सासरची सतत तारीफ नव्या घरात कोण ऐकून घेईल?

महिनाभर जुन्या कंपनीचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. त्याऐवजी मशीनवरच्या माणसाला काय त्रास होतो ते विचारायचं. तिथल्या वयस्क ऑपरेटरला सगळे चाचा म्हणत. चाचांची तक्रार एवढीच की मायक्रोमीटर पान्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, माप दरवेळी वेगळं येतं. सुहासनं सुताराकडून एक लाकडी खोका करून घेतला, आत फेल्ट चिकटवलं. त्यानंतर पहिला पार्ट निघाला की चाचाच त्याला हाक मारू लागले.

नाटकाला तो पुन्हा जायला लागलाय. मध्यंतरात काय उत्तर द्यायचं याची आम्ही तालीमही केली होती: "पीथमपूर सुटलं, आता सांवेर रोडला आहे." परवा त्यानं ते म्हटलं, तर समोरच्या काकांनी पुढचं काही विचारलंच नाही. मोबाइल काढला आणि म्हणाले, "माझ्या भाच्याचा बायोडाटा पाठवतो. काही असेल तर बघ ना."

"काही म्हणजे काय, काका?" सुहासनं विचारलं.