पन्नाशीत हौशी बँडमध्ये वाजवण्यासाठी घेतलेला जुना जॅझ बेस (बेस गिटार) घरघरतो; पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे भाग) बदलावेत का?
एवढ्यासाठी पिकअप बदलण्याची घाई करू नये. १९६० साली आलेल्या फेंडर जॅझ बेसच्या धर्तीच्या गिटारला सिंगल कॉइलचे (प्रत्येकी एकाच वेटोळ्याचे) दोन पिकअप असतात, आणि त्यांची वेटोळी व चुंबके परस्परविरुद्ध असल्यास दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडताच घरघर जवळजवळ नाहीशी होते. एक किंचित कमी केला की ती परतते. तारांना बोट लावताच घरघर घटत असेल, तर अर्थिंग शाबूत आहे, शील्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे आवरण) कमी पडते आहे असे समजावे आणि आतल्या खाचेत तांब्याची चिकटपट्टी लावून ती पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीशी सोल्डर करावी. ड्रमच्या शेजारी महागड्या पिकअपमधला फरक, खरे सांगायचे तर, कोणाला ऐकू येत नाही. पैसे खर्चायचेच असतील, तर फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा घ्याव्यात, कारण त्या बोटांनाही कमी बोचतात.