पाऊस लागला की मांजराचा वास

प्रश्न : शिवाजी पेठेतलं आमचं घर भाड्यानं देतो. आधीच्या भाडेकरूंच्या मांजरानं शहाबादी फरशीवर मुतून ठेवलंय. फिनाईलनं कितीदा पुसलं, तरी पाऊस लागला की वास येतोच.

उत्तर : ताई, मुतातल्या युरिक ॲसिडचे कण साध्या पाण्यानं निघत नाहीत. ते सांध्यांत बसतात, हवा दमट झाली की वास सोडतात. आणि कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. अंधार करून यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च मारा, डाग चमकतील. तिथलं फिनाईल धुऊन काढा, एन्झाइम क्लीनर (हे कण तोडणारा द्रव) सांध्यांत मुरेल इतका ओता, प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवा. व्हिनेगर नको, शहाबादी चुनखडीची, ती झिजते. ब्लीच तर अजिबात नको! मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. भिंतीच्या बुडाशीही नाक लावून बघा; गिलाव्यात मुरलं असेल तर तेवढा खरवडून नवा करा.